पायथ्याशी समुद्र असलेला डोंगर: स्काय बेटावरील ब्लाव्हेनची चढाई

पायवाट

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत असलेल्या स्काय बेटावर ब्लाव्हेन नावाचा एक डोंगर आहे. त्याची उंची 928 मीटर भरते. नकाशातला हा आकडा वाचून मी दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीस तिकडे गेलो, वरच्या खांद्यावरून परत फिरलो, आणि गेल्या मे महिन्यात पुन्हा जाऊन शिखर गाठले. या दोन खेपांत एक गोष्ट मला नीट उमगली. ज्या डोंगराचे पाय समुद्रात आहेत, त्याचा अंदाज उंचीच्या आकड्यावरून बांधता येत नाही. स्कायला जाणाऱ्या मराठी मंडळींची संख्या वाढते आहे आणि त्यांतले काही जण हा डोंगर 'हजाराच्या आतला आहे' म्हणून दुपारच्या जेवणानंतर चढायला निघतात, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून या चर्चामंचावर हा धागा काढतो आहे.

आधी उंचीचेच बोलू. स्कॉटलंडच्या मध्यभागातील केर्नगॉर्म हे शिखर 1245 मीटर उंच आहे, म्हणजे ब्लाव्हेनपेक्षा तीनशे मीटरहून अधिक. पण त्याच्या नेहमीच्या वाटेवर गाडी सुमारे 630 मीटरपर्यंत जाते आणि पायांना उरते ती सहाशे मीटरच्या आसपासची चढण. ब्लाव्हेनला गाडी लावायची ती लॉख स्लापिनच्या काठावर. स्कॉटलंडमध्ये लॉख हा शब्द तळ्यालाही वापरतात आणि समुद्राच्या खाडीलाही. ही खाडी आहे, आणि ओहोटीच्या वेळी तिच्या टोकाला समुद्रशेवाळाचा वास येतो. तिथून शिखरापर्यंतचा प्रत्येक मीटर आपल्यालाच चढावा लागतो.

वाट अशी आहे. आल्ट ना दूनिख या ओढ्याच्या काठाने, एका लहानशा झाडीभरल्या घळीच्या कडेने, पहिला टप्पा अगदी सौम्य चढाचा आहे. पुढे ओढा ओलांडून वाट कोरी ऊअग्निख नावाच्या द्रोणात चढते. हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरून काढलेल्या अशा खोलगट जागेला तिकडे कोरी म्हणतात. इथपर्यंत पायवाट बांधून काढलेली आहे आणि चुकण्याचा संभव कमी. खरा डोंगर या द्रोणातून उजवीकडे वळल्यावर सुरू होतो. रुंद, दगडगोट्यांचा खांदा, त्यावर अनेक फाटे फुटलेल्या वाटा, घसारा (सुटे, घसरते दगड), आणि उजव्या हाताला एकदम उघडणाऱ्या खोल नाळा (अरुंद, उभ्या घळी). त्या नाळांच्या पलीकडे क्लाख ग्लास हा दातेरी सुळका उभा दिसतो. शेवटच्या टप्प्यात दोनतीन ठिकाणी हात लावावे लागतात. दोर लागत नाही, पण उंचीची भीती असणाऱ्याला तिथे थांबावेसे वाटेल.

पहिल्या खेपेला मी याच खांद्यावर थांबलो. नैर्ऋत्येकडून ढग आला आणि दहा मिनिटांत पुढचा माणूस दिसेनासा झाला. त्या दिवशीचा माझा परतण्याचा निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते; चूक निघण्याच्या वेळेत होती, कारण मी खाडीवरून अकरा वाजता निघालो होतो.

अनवट

फारच उपयुक्त धागा. आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात स्कायला जात आहोत. सोबत चौदा वर्षांची मुलगी असेल. ती नियमित चालते, तिला उंचीची भीती नाही, परंतु हात लावून चढण्याचा अनुभव तिला फारसा नाही. एकूण किती वेळ धरावा? चालण्याचा वेळ काढण्याच्या नेस्मिथच्या नियमाने हिशेब केला तर जाऊन येऊन सव्वातीन तासांच्या आत काम होते असे उत्तर येते, आणि ते मला खरे वाटत नाही.

पायवाट

तुमची शंका योग्य आहे. विल्यम नेस्मिथ यांनी हा नियम 1892 साली मांडला. सपाटीवर तीन मैलांना एक तास आणि चढणीच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास, असे त्याचे मूळ रूप आहे. आजच्या मापांत ढोबळपणे पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढणीला एक तास. ब्लाव्हेनचे जाऊन येऊन अंतर सुमारे आठ किलोमीटर आणि चढण नऊशे तीस मीटरच्या आसपास असल्याने तुम्ही म्हणता तेच उत्तर येते. पण या नियमात उतरणीचा वेगळा वेळ धरलेला नाही, आणि घसाऱ्यावरून उतरायला कित्येकदा चढण्याइतकाच वेळ लागतो. हात लावून चढण्याच्या जागा आणि वाट शोधण्यात जाणारी मिनिटेही त्यात नाहीत. मला दुसऱ्या खेपेला, चांगल्या हवेत, साडेसहा तास लागले. मुलीला घेऊन जाताना तुम्ही आठ तास धरा. त्या दिवसांत तिथे सुमारे अठरा तास उजेड असतो, त्यामुळे घाई करण्याचे कारण नाही; तरीही सकाळी लवकर निघावे, म्हणजे अडचण आलीच तर हातात उजेड उरतो.

हात लावण्याच्या जागी एका मोठ्या माणसाने तिच्या पाठोपाठ, एखादे पाऊल खाली राहावे. आणि तिला आधीच सांगून ठेवावे, की 'इथून परत जाऊ या' असे म्हणण्याचा अधिकार तिलाही तितकाच आहे. मुले संकोचाने बोलत नाहीत आणि मोठ्यांना ते उशिरा कळते.

शिलाखंड

या डोंगराच्या दगडाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्यावर पाय कुठे ठेवायचा हे अवलंबून आहे.

स्कायच्या कूलिन पर्वतरांगेचे दोन भाग मानतात. लाल कूलिन ग्रॅनाइटचे, त्यामुळे गोलाकार, घसाऱ्याने मढलेले. काळे कूलिन मुख्यतः गॅब्रोचे, त्यामुळे दातेरी आणि उभे. ब्लाव्हेन हा काळ्या कूलिनचाच, परंतु मुख्य धारेपासून दरीने तुटून एकटा उभा राहिलेला डोंगर आहे. सुमारे 6 कोटी वर्षांपूर्वी, उत्तर अटलांटिक महासागर उघडत असताना, इथे मोठा ज्वालामुखी होता. त्याच्या पोटात सावकाश थिजलेला शिलारस म्हणजे हा गॅब्रो. सावकाश थिजल्याने त्याचे स्फटिक मोठे झाले आणि म्हणून तो हाताला कमालीचा खरखरीत लागतो. बुटाचा तळवा त्याला घट्ट धरतो, ओल्या हवेतही. दिवसभर हात लावून चढल्यावर बोटांची टोके सोलवटतात, इतकी त्याची पकड आहे.

धोका त्याच्या शेजारच्या दगडाचा. गॅब्रोच्या भेगांमधून नंतर बेसॉल्टच्या भिंती वर घुसल्या. बेसॉल्ट लवकर थिजतो, त्यामुळे त्याचा पोत बारीक आणि पृष्ठभाग गुळगुळीत. पाऊस पडला की तो साबणासारखा होतो. शिवाय तो गॅब्रोपेक्षा लवकर झिजतो, म्हणून या भिंतींच्या जागी आज नाळा आणि पायऱ्यांसारख्या खाचा तयार झालेल्या आहेत. चढणाऱ्याला त्या पायऱ्या सोयीच्या वाटतात आणि तो नेमका निसरड्या दगडावर पाय टाकतो. कोरड्या दिवशी हे कळतही नाही. ओल्या दिवशी मात्र पायाखाली दगडाचा पोत बदलला की लगेच लक्षात यायला हवे: खरखरीत करड्या तपकिरीवर निर्धास्त, गुळगुळीत काळ्यावर जपून.

दुसरी गोष्ट होकायंत्राची. या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज आहे. कूलिनमध्ये काही जागी होकायंत्राची सुई दोन पावलांच्या अंतरात वेगवेगळ्या दिशा दाखवते. ब्लाव्हेनही याला अपवाद नाही.

उत्तरवारा

शिलाखंड यांच्या शेवटच्या परिच्छेदामुळेच मला वाटते, की आता फोनवरचा नकाशा हेच इथले मुख्य साधन मानावे. उपग्रहावरून मिळणाऱ्या स्थानावर दगडातल्या चुंबकत्वाचा काहीही परिणाम होत नाही. मी कूलिनमध्ये चार वेळा गेलो, त्यांतल्या तीन वेळा ढगात होतो, आणि फोनने मला दर वेळी बरोबर जागा दाखवली. कागदी नकाशा आणि होकायंत्र नेलेच पाहिजे, हा आग्रह इतर डोंगरांवर रास्त असेल; जिथे होकायंत्रच खोटे बोलते तिथे तो आग्रह कशासाठी?

नीलमोहर

उत्तरवारा, आपले म्हणणे अर्धे मान्य करून माझा अनुभव सांगते, कारण मी याच डोंगरावर, याच विश्वासाने, चुकीच्या बाजूला उतरले.

ऑगस्ट महिना होता. आम्ही तिघी मुख्य शिखरावर पोचलो तेव्हा ढग विरळ होता. तिथून दक्षिण शिखर जवळ दिसत होते, म्हणून मधल्या खिंडीत उतरून, हातांनी चढून, तिकडे गेलो. तेवढ्यात ढग दाट झाला आणि पाऊस सुरू झाला. फोन माझ्याकडे होता. ओल्या बोटांना पडदा दाद देईना. पुसावा तर पुन्हा भिजे. मग गारठ्याने बॅटरी झपाट्याने उतरली आणि फोन बंद पडला. होकायंत्र एकीजवळ होते. त्याने जी दिशा पूर्व म्हणून दाखवली तिकडे एक छान, रुंद, उतरायला सोपी धार जात होती, आणि आम्ही ती धरली.

सुमारे पाचशे मीटर उंचीवर ढगाखाली आलो तेव्हा समोर समुद्र दिसला. आम्हाला हायसे वाटले, कारण गाडी समुद्राकाठीच लावली होती. आम्ही आनंदाने आणखी अर्धा तास उतरलो. मग माझ्या मैत्रिणीने विचारले, की खाडीच्या पलीकडच्या तीरावर सकाळी पाहिलेला रस्ता का दिसत नाही? तो दिसत नव्हता, कारण ती खाडीच दुसरी होती. आम्ही डोंगराच्या दक्षिण धारेवरून कॅमासुनारीच्या बाजूला उतरत होतो. खाली हिरवे कुरण, एकदोन घरे, आणि गाडीरस्ता नाही. वर पुन्हा चढण्याची ताकद कोणातच नव्हती. कॅमासुनारीला उतरून, मधली टेकडी ओलांडणाऱ्या खडीच्या वाटेने एल्गॉल गावाच्या रस्त्याला लागलो आणि मग खाडीला वळसा घालत डांबरी रस्त्याने गाडीपाशी आलो, तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते. कोणाला दुखापत झाली नाही. परंतु ज्यांना आम्ही सहापर्यंत परत येऊ असे सांगितले होते, त्यांनी तोवर मदतीसाठी फोन करण्याची तयारी केली होती, आणि त्यांच्या त्या चार तासांची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

बेटावरच्या डोंगरावर समुद्र हा दिशा सांगत नाही, कारण तो जवळजवळ सगळीकडे आहे. 'समुद्र दिसला' एवढ्यावर थांबू नये. कोणता समुद्र, त्यात कोणते बेट, तीर कसा वळतो, पलीकडे रस्ता आहे का, हे नकाशाशी ताडून पाहावे. आणि त्यासाठी न भिजणारा कागदी नकाशा लागतो. आमच्याजवळ तो असता, तर धारेचा उतार आणि तिची लांबी पाहूनच आम्हाला शंका आली असती.

उत्तरवारा

आपला अनुभव वाचून माझे मत बदलावे लागते आहे. मला फोन कधी बंद पडला नाही, एवढ्यावर मी तो बंद पडणार नाही असे धरून चाललो होतो. आणखी एक चूक माझ्याच लिहिण्यात राहिली, ती दुरुस्त करतो: फोनमधले स्थान बिनचूक असले तरी त्यातला दिशा दाखवणारा बाण चुंबकावरच चालतो, त्यामुळे कूलिनमध्ये तोही तितकाच बेभरवशाचा आहे. दिशा हवी असेल तर वीसपंचवीस पावले चालून नकाशावरचा ठिपका कुठे सरकतो ते पाहावे लागते.

यावरून उंचीमापकाची आठवण झाली. हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक चुंबकत्वाला जुमानत नाही, आणि समुद्राकाठून निघणाऱ्याला तो बिनचूक लावण्याची आयती सोय आहे: खाडीपाशी उंची काही मीटर धरून लावला की झाले. वर ढगात असताना उंची कळली, की नकाशावर आपण कोणत्या समोच्चरेषेवर (समान उंची दाखवणाऱ्या रेषेवर) आहोत हे कळते आणि धारेवरची जागा बऱ्यापैकी निश्चित करता येते. त्याचा दुसरा उपयोग हवामानाचा. दाब एक हेक्टापास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरला, की उंचीमापक सुमारे आठ मीटर अधिक उंची दाखवतो. म्हणजे आपण जेवायला अर्धा तास एका जागी बसलो आणि आकडा वीसपंचवीस मीटरनी वर गेला, तर डोंगर वाढलेला नाही, दाब उतरतो आहे, आणि अटलांटिकवरून काहीतरी येते आहे.

पायवाट

नीलमोहर, आपण हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात मी ढगाविषयी फार थोडे लिहिले होते, ते इथे पूर्ण करतो.

स्कायवर वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून, म्हणजे मोकळ्या महासागरावरून येतो. पाण्यावरून शेकडो किलोमीटर आलेली ही हवा बाष्पाने भरलेली असते, आणि तिच्या वाटेत पहिला मोठा अडथळा म्हणून हे डोंगर उभे असतात. हवा वर ढकलली जाते, गार होते आणि बाष्पाचा ढग होतो. त्यामुळे खाडीवर ऊन असताना सातशे मीटरच्या वर ढग असणे हे तिथले नेहमीचेच दृश्य आहे. हा ढग दुसरीकडून वाहत आलेला नसतो, त्याच जागी सतत तयार होत असतो, म्हणून 'थोड्या वेळात जाईल' हा अंदाज बहुधा चुकतो. तापमानाचेही तसेच. खाली 12 अंश असतील तर शिखरावर सुमारे 6 अंश धरावेत, आणि त्यात ताशी 60 किलोमीटरचा वारा असला तर उघड्या कातडीला ते शून्याच्या आसपास जाणवते. जूनमध्येही टोपी आणि हातमोजे न्यावेत, हे मी याच कारणाने सांगतो.

माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा वायव्य हायलँड्सचा अंदाज आदल्या संध्याकाळी वाचावा. त्यात शिखरे ढगाबाहेर असण्याची शक्यता टक्क्यांत दिलेली असते आणि वाऱ्याचा चालणाऱ्यावर काय परिणाम होईल हेही साध्या शब्दांत लिहिलेले असते. दूरचित्रवाणीवरचा बेटाचा अंदाज हा रस्त्यावरच्या माणसासाठी असतो.

संकटाच्या वेळी 999 वर फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू (डोंगरातले बचाव पथक) मागावे लागते. पथकातील माणसे स्वयंसेवक असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. आवाज पोचत नसेल तेव्हा 999 वर लघुसंदेशही पाठवता येतो, मात्र त्यासाठी आपला क्रमांक आधी नोंदवावा लागतो; हे काम घरी असतानाच करून ठेवावे. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

रानपाखरू

मे ते सप्टेंबर या काळात मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या असतात. वारा पडला की त्या खाडीकाठी आणि द्रोणात थव्याने येतात. जाळीची टोपी जवळ ठेवावी. वर, वाऱ्यात, त्यांचा त्रास नाही.

वाट ओली असली तरी तिच्या मधूनच चालावे, अशी विनंतीही करते. हा डोंगर 1994 पासून जॉन म्यूर ट्रस्ट या निसर्गसंवर्धन संस्थेच्या ताब्यात आहे आणि त्यांनी ही वाट मेहनतीने दुरुस्त केली आहे. कडेच्या गवतावरून चाललो की ती रुंदावते आणि पावसात वाहून जाते. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने सर्वांना मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने चालण्याचा हक्क दिला आहे, आणि त्यातला 'जबाबदारीने' हा शब्द कायद्याच्या मुळाशीच आहे.

अनवट

सर्वांचे आभार. दोन प्रश्न उरले. दक्षिण शिखर आम्ही करावे का? आणि ओढा ओलांडण्याविषयी कोणी लिहिलेले नाही. तिथे पूल आहे का?

शिलाखंड

दक्षिण शिखर या खेपेला सोडून द्यावे असे माझे स्पष्ट मत आहे. उंचीत ते मुख्य शिखरापेक्षा थोडे कमीच आहे, आणि मधल्या खिंडीतली हातांची चढण नेहमीच्या वाटेवरच्या कोणत्याही जागेपेक्षा अवघड आहे. मुख्य शिखरावरच अधिक वेळ बसावे. ब्लाव्हेन मुख्य धारेपासून वेगळा असल्यामुळे काळ्या कूलिनची सुमारे 12 किलोमीटर लांबीची सगळी धार एका नजरेत दिसते ती इथून. धारेवर उभे राहून धार दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर दक्षिणेला रम बेटाचे डोंगर दिसतात.

ओढ्याचे म्हणाल, तर दगडांवरून ओलांडावे लागते. कोरड्या हवेत बूटही भिजत नाहीत. पण हा डोंगर म्हणजे जवळजवळ उघडा कातळ आहे, पाणी मुरायला माती नाही. पाऊस पडला की तासाभरात सगळे पाणी खाली येते. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी अडवू शकतो. अशा वेळी अरुंद जागी उडी मारण्याचा मोह टाळावा, कारण अरुंद जागी पाणी खोल आणि जोराचे असते. काठाने वर जात पात्र रुंद होईल किंवा ओढ्याला फाटे फुटतील अशी जागा शोधावी, पट्टे मोकळे करून पिशवी सैल ठेवावी, आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबावे. पाऊस थांबल्यावर ते जसे चढले तसे लवकर उतरतेही.

अनवट

कालच परतलो, म्हणून लिहितो आहे. अंदाजात शिखरे ढगाबाहेर असण्याची शक्यता साठ टक्के दिली होती. सात वाजता खाडीवरून निघालो, पावणेबाराला वर पोचलो. शेवटच्या टप्प्यातल्या पहिल्या हाताच्या जागी मुलगी थांबली, तिने खाली पाहिले, पाच मिनिटे बसली आणि मग स्वतःहून उठून चढली. शिखरावर वीस मिनिटे संपूर्ण धार दिसली. स्गूर नान गिल्यन या उत्तरेकडच्या शिखरापासून दक्षिणेपर्यंत तिने नकाशा मांडीवर घेऊन एकेक शिखर ओळखले. दक्षिण शिखराकडे गेलो नाही.

उतरताना खांद्यावर पाऊस लागला आणि द्रोणात येईपर्यंत थांबला नाही. काळ्या गुळगुळीत दगडावर माझाच पाय एकदा घसरला. ओढ्यापाशी आलो तेव्हा सकाळचे दगड पाण्याखाली गेले होते आणि दोन माणसे पलीकडे उडी मारण्याच्या विचारात काठावर उभी होती. आम्ही काठाने वर चालू लागलो, तशी तीही आमच्या मागे आली. साधारण दीडशे मीटर वर ओढ्याचे दोन फाटे झाले होते. तिथे पाणी पोटरीपर्यंत होते. चौघे एकमेकांच्या दंडाला धरून ओलांडलो. गाडीपाशी पोचलो तेव्हा साडेतीन वाजले होते.